लाभाची जागा

१

पंडितला कुणी विचारलं असतं की बाबा, कसं काय चाललंय, तर त्यानं सायकलवरून पाय न टेकवता सांगितलं असतं, झकास. आणि ते खोटं नव्हतं. परभणीत वसमत रस्त्याला दोन खोल्यांचं घर, पुढं पेरूचं झाड, कालव्याच्या कचेरीत ट्रेसरची कायम नोकरी. घरात माणसं चार: आई बायनाबाई, तो स्वतः, बायको पंचफुला आणि सहा वर्षांची अनुसया. ही अनुसया लग्नानंतर नवव्या वर्षी झाली. नऊ वर्षं नवरा-बायकोनं गावभरचं ऐकून घेतलं. वैद्य झाले, देव झाले, शेवटी दोघांनी तो विषयच सोडून दिला, आणि तेव्हा ती आली. पंडितचा तिच्यावर इतका जीव होता की त्याचं त्यालाच कधी कधी भय वाटायचं.

संध्याकाळी कोपऱ्यावर वळताना तो सायकलची घंटी दोनदा वाजवायचा. की लाल झगा घातलेली अनू पळत फाटकाशी यायची आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घालायची. खिशात भाजलेल्या शेंगा असायच्या. त्या पेडगावच्या दगडाबाईच्या. कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या लहान पाटाला आपल्याकडं चारी म्हणतात. पेडगावच्या चारीवर बारा जणांची शेतं, आणि बारावी दगडाबाई, अगदी शेवटाला. शेवटच्या माणसाला पाण्याचा भरवसा नसतो. म्हणून ती दर सोमवारी कचेरीत यायची, आपल्या पाळीचे तास पुन्हा विचारून घ्यायची, आणि जाताना पंडितच्या टेबलावर दोन पुड्या ठेवायची.

"ही तुमची, भाऊ. अन् ही लेकीची. तिची तिला द्या, वाटंतच खाऊ नका."

"मी खातो म्हणून कुणी सांगितलं, मावशी?"

"तुमचं तोंडच सांगायलंय की."

अनूला तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण दोन वर्षांत एकही सोमवार तिनं दुसरी पुडी चुकवली नव्हती. अनू तिला शेंगांची आज्जी म्हणायची.

२

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या हिवाळ्यातली. पंडितचं काम तेव्हा बदललं होतं. आधी तो नकाशांवर पारदर्शक कापड टाकून शाईनं गिरवायचा. मग कचेरीत संगणक आला, त्याला वेगळी खोली, खिडकीला पडदा, दारात चपला काढायच्या. त्या खोलीत सगळ्यात आधी घुसले ते उमाजीनाना. पेडगावच्या मेंढपाळाच्या घरातला हा माणूस, सर्व्हेअर म्हणून लागलेला, पन्नाशीला पुस्तकावरून बेसिक भाषा शिकला आणि त्यानं एक प्रोग्राम लिहिला. त्याला सगळी कचेरी 'जाळं' म्हणायची. चारीवर कोण कोण आहे आणि कुणाच्या दारातून, म्हणजे शेताला पाणी सोडायच्या फळीतून, पाणी कुणाच्या दारात जातं, एवढी यादी द्यायची. बाकी गोळे मांडणं, त्यांना रेघांनी जोडणं, नाव आणि पाळीचे तास लिहिणं, सगळं आपोआप. प्रिंटर करकरत राही आणि जे काढायला पंडितला आठवडा लागायचा ते दहा मिनिटांत बाहेर येई. दुसरा कुणी असता तर उमाजीनानांवर रुसला असता. पंडित त्यांचा चेला झाला.

नाना मागल्या वर्षी निवृत्त होऊन पेडगावला गेले. आता नवा संगणक आला होता आणि त्यावर पास्कल भाषा चालायची. उपअभियंता किशनराव खोलीच्या दारात चपलांसकट उभे राहून म्हणाले, "पंडित, जुनं मशीन महिन्याच्या आखेरीला जायलंय. तेच्या आत जाळं पास्कलात आलं पाहिजे. जसंच्या तसं. जिम्मा तुझा."

जसंच्या तसं, हा तर पंडितचा धर्मच. तो बेसिकच्या ओळी कागदावर उतरवून एकेक पास्कलमध्ये लिहू लागला, नकाशा गिरवावा तसा. दिवसाला पाचपंचवीस ओळी. काम इतकं गोड लागलं की तो जेवणाचा डबा विसरू लागला.

एकच गोष्ट त्याला खटकली. नानांच्या सगळ्या याद्या शून्यापासून होत्या. बारा शेतकरी, पण यादीत घरं तेरा: शून्य ते बारा. शून्याच्या घरात नाव नाही. फाइलीतली पहिली ओळ कोरी. तरी चारशे दहा क्रमांकाच्या ओळीत त्या कोऱ्या नावाचाही गोळा काढायला सांगितलेला, फक्त त्याची जागा कागदाच्या कोपऱ्याच्या बाहेर दिलेली. म्हणजे दर वेळी प्रिंटर एक गोळा हवेत काढायचा आणि तो कुणाला दिसायचा नाही.

"नानांचं म्हातारपण," पंडित स्वतःशी हसला. माणूस एकपासून मोजतो. त्यानं पास्कलमध्ये घरं एक ते बारा केली आणि चारशे दहावी ओळ गाळून टाकली. जाळ्याच्या सुरुवातीला एक छोटा नमुना यायचा, प्रिंटर नीट चालतोय का ते बघायला. त्यात पंडितनं मागंच आपल्या घरची चार नावं घातली होती. ट्रेसरची माणसं नवी निब तपासायला घरच्यांचीच नावं गिरवतात. तो भाग बिनकामाचा म्हणून त्यानं शेवटाला ठेवला.

पेडगावला पाणी आधी सुटणार होतं, म्हणून किशनरावांच्या घाईखातर गुरुवारी पहिला तक्ता त्याच चारीचा काढला. बारा गोळे मोजून घेतले. बाराच होते. तक्ता गेला.

३

सोमवारी कुणी आलं नाही. येणार असं कुणी नव्हतंच.

दुपारी पंडितनं जुन्या मशीनवरचा पेडगावचा तक्ता काढला आणि नव्यावर ठेवून दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले. ही त्याची जुनी सवय. ऊन मागून आलं की रेघ रेघेवर बसली का नाही ते डोळ्यांनी कळतं. गोळे गोळ्यांवर तंतोतंत बसले होते. नावं मात्र एकेक घर खाली सरकलेली. नव्या कागदावर पहिला गोळा कोरा, पुढं अकरा नावं. आणि जुन्या कागदावर बाराव्या गोळ्यात एक नाव जास्तीचं. दगडाबाई.

पंडितनं ते नाव दोनदा वाचलं. ही कोण?

त्यानं पाटकऱ्याला, चंद्रभानला, हाक मारली. चारीवर पाण्याच्या पाळ्या तोच सांभाळायचा.

"दगडाबाई? आशी कुणी न्हाई, पंडितभाऊ. पेडगावच्या चारीवर अकराच जण हायत. धा वर्सं मी पाणी सोडायलोय."

रजिस्टर काढलं. रजिस्टरातही अकरा. बाराव्या ओळीत शाई नव्हती, फक्त तिथला कागद जरा मऊ झाला होता, बोट फिरून फिरून होतो तसा.

तर मग जुनी यादी चुकली असणार. पण आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट, आणि अकरा जणांची बेरीज एकशे एकोणसाठ. उरलेले नऊ तास नव्या तक्त्यात त्या कोऱ्या गोळ्यापुढं छापलेले होते. "हे नऊ तास पाणी कुणाला जातं मग?"

चंद्रभाननं टोपी काढून डोकं खाजवलं. "जातंय खरं. तुमच्या कागदावर हाय म्हणून मी पयलं दार उघडतो. नऊ तास पाणी चालतंय. पर जातंय कुठं ते काय कळंना."

पंडितला हसू आलं नाही. त्यानं टेबलाचा खण उघडला तर आत शेंगांची एक पुडी होती, वर्तमानपत्रात बांधलेली, दोऱ्याला दोन गाठी. कुणी दिली ते आठवेना. घरी जाताना त्यानं ती खिशात घातली.

अनूनं फाटकाशी पुडी काढून घेतली आणि विचारलं, "शेंगांच्या आज्जीनं दिल्या?"

"कोणती आज्जी गं?"

अनू विचार करू लागली. शेंग दाताखाली धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मला बी नाही आठवत."

त्या रात्रीचं जेवण रोजच्यासारखंच झालं. चार ताटं, पंचफुलेची ज्वारीची भाकर, बायनाबाईचं बडबडणं. पंडितनं एक भाकर जास्तीच खाल्ली. पण शेंगांच्या टरफलांकडं बघताना त्याला उगीच अपराध्यासारखं वाटत राहिलं.

४

बुधवारी नामांतराचा बंद होता. एसटी दुपारनंतर सुटली, त्यामुळं पेडगावला उतरेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पंडित आधी चारीवर गेला.

पहिल्या दारापाशी पाणी चालू होतं. लोखंडी फळी वर उचललेली, कालव्याकडून पाणी भरभरून येत होतं आणि दारातून बाहेर पडत होतं. पलीकडं मात्र जमीन कोरडी. ढेकळं तशीच, पांढरी, भेगाळलेली. पंडितनं वाकून हात लावला. धूळ हाताला लागली.

जमीन पाणी पिते, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक असतं. काळ्या मातीला भेगा पडल्या की पहिलं पाणी किती जिरेल याचा नेम नाही. पंडितनं मनाला हेच सांगितलं आणि मन बहुतेक ऐकतही होतं. पण तो ऐकत राहिला तसा त्याला पाण्याच्या आवाजात दुसरा एक आवाज लागला. पाणी वाहण्याचा नव्हे. घोट घेण्याचा. एक घोट, मग थोडी उसंत, मग दुसरा घोट, कामावरून दमून आलेलं माणूस तांब्या तोंडाला लावतं तसा. पंडित तिथून निघाला तेव्हा चालत होता. पंधरा पावलांवर गेल्यावर आपण पळतोय हे त्याच्या लक्षात आलं.

चारीच्या शेवटाला एक तुकडा पडीक होता. शेजारच्या शेतात एक जण कापूस वेचत होता.

"हे कुणाचं, पाव्हणं?"

"कुणाचंच न्हाई. पडीकच हाय पयल्यापून."

पडीक तुकड्याच्या कडेला एक झोपडी होती. दार नुसतं लोटलेलं. आत चूल, चुलीवर तवा, आणि तव्यात शेंगा. पंडितनं चुलीतल्या राखेत बोट घातलं. राख ऊन होती.

५

उमाजीनाना ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. दोन्ही कागद त्यांनी उन्हात धरले, एकावर एक ठेवले, बराच वेळ बघितले.

"मला बी आठवंना ही बाई," ते म्हणाले. "माझ्याच गावची आसंल, माझ्याच हातानं नाव घातलंय, अन् आठवंना. पर कागदावर हाय म्हंजे व्हती."

"नाना, काय तरीच काय. नाव चुकून पडलं असेल तुमच्याकडून."

"आसंल." नानांनी कागद खाली ठेवला. "शून्याचं घर काढून टाकलंस का तू?"

पंडितनं होकाराची मान हलवली.

"आमची माय, कासाबाई, सकाळी वाडग्यातून मेंढरं मोजून सोडायची. वाडग्याच्या काटेरी कुपाच्या तोंडाशी काठी आडवी धरून बसायची. लोक धान्य मोजताना पयल्या मापालाच लाभ म्हणतेत, एक म्हणत न्हाईत. आमच्याकडं तसं न्हाई. आमच्याकडं लाभ येगळा अन् एक येगळा. माय काठी उचलायची, मेंढरू आत धरूनच ठिवायची, अन् मोकळ्या वाटंकडं बघून म्हणायची, लाभ. काठी पुना आडवी. मंग एक, दोन, तीन."

"कुणाला सोडायची ती?"

"ते तिनं सांगितलं न्हाई अन् मी इचारलं न्हाई. एवढंच म्हणायची, तेची जागा तेला द्यावी, मंग ते दुसऱ्याच्या जागंवर बसत न्हाई."

बानूबाई, नानांची बायको, चहा घेऊन आली. तिच्या मागं दार उघडं राहिलं आणि पंडितला आतला पाळणा दिसला. लाकडी, जुना, आढ्याला टांगलेला. आत लहानशी गोधडी घडी घालून ठेवलेली. पंडितला चांगलं ठाऊक होतं की या दोघांना मूलबाळ नाही.

"पाळणा कुणाचा, काकू?"

बानूबाईनं मागं वळून बघितलं. "काय की," ती म्हणाली. "कवाचा हाय. काढावा म्हणलं तर हात हुईना." ती कप ठेवून आत गेली, आणि जाता जाता पाळण्याला एक झोका देऊन गेली, स्वतःच्याही नकळत.

नाना पाळण्याकडं बघत नव्हते. "मी बी पयला परोग्राम एकपासूनच मोजून केला व्हता," ते हळू म्हणाले. "मंग दुसरा केला. पर माझ्याकडं जुना कागद नव्हता. काय लिवावं तेच ठावं नव्हतं. तुझ्याकडं हाय. तुझं सुदरंल. शून्याचं घर ठिव, कागदाच्या भायेर. अन् एक ध्यानात धर, मोजताना तेला माणसात धरू नको. माणसं बारा तर बारा. ते येगळं."

६

गुरुवारी पंडितनं घरं शून्य ते बारा केली. चारशे दहाव्या ओळीचं पास्कल लिहिलं, कोरा गोळा कोपऱ्याबाहेर धाडला. फाइलीत शेवटी अक्षरागणिक जुन्या कागदावरून नाव पडताळलं. दगडाबाई. प्रिंटर करकरला. कागद काचेला लावले. गोळ्यावर गोळा, नावावर नाव. बारा.

चंद्रभान नवा तक्ता न्यायला आला आणि त्यावर नजर टाकून म्हणाला, "बरं झालं. दगडाबाईचे तास ऱ्हायले आसते तर तिनं मला जित्ता सोडला नसता."

"हो ना," पंडित म्हणाला. आणि खरंच, त्याला वाटलं, राहिले असते तर. कशाला एवढी धावाधाव केली आपण? एक नाव गळालं होतं, ते आलं, एवढंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेडगावची वारी मनात धूसर होत गेली, तापातल्या दिवसासारखी.

सोमवारी दगडाबाई आली. पंडितला तिला बघून इतका आनंद झाला की त्यानं उठून तिला खुर्ची दिली, आणि असा आनंद का झाला ते त्याला कळलं नाही.

"बसा, मावशी. तब्येत बरी ना? तोंड उतरलंय."

"काय सांगावं, भाऊ. झोप लय लागली का काय. बसल्या जागी बसून व्हते. म्होरं कुणी न्हाई, मागं कुणी न्हाई. निस्ता पाण्याचा आवाज." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सपान आसंल. ही तुमची. अन् ही लेकीची."

त्या संध्याकाळी अनूनं खिशात हात घातला आणि ओरडत घरात गेली, "आज्जी, शेंगांच्या आज्जीनं शेंगा दिल्या." पंचफुला म्हणाली, "वाटंत किती खाल्ल्या तुमी?" आणि सगळे हसले. पंडित ओट्यावर बसून पेरूच्या झाडाकडं बघत राहिला. आपल्याला आता काही नको, असं त्याला मनापासून वाटलं.

७

हत्ती गेला, शेपूट राहिलं होतं. सुरुवातीचा नमुना. शनिवारी दुपारी कचेरी अर्धी सुटली. जुनं मशीन गोणपाटात बांधून टेंपोवर चढवलं होतं. नमुन्याचे जुने कागद पंडितनं महिन्यापूर्वीच घरी नेले होते, अनूला मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला. त्यातले शेवटचे काल सकाळी पंचफुलेनं बंब पेटवायला लावले. त्यांचं काही काम नव्हतं. घरची नावं काय कागदावरून पडताळायची असतात?

सहा ओळींचं तर काम. तो शीळ घालत बसला. शून्याचं घर ठेवायचं, हे आता त्याच्या बोटांत बसलं होतं. माणसं चार. घरं चार. त्यानं लिहिलं, शून्य ते तीन. बोटावर मोजून बघितलं: शून्य, एक, दोन, तीन. चार झाली. बरोबर.

त्यानं बटण दाबलं. पडदा ओढलेल्या खोलीत प्रिंटर करकरला. एकदा मुंडी कागदाच्या बाहेर, डाव्या टोकाला जाऊन थांबली, कोरा गोळा हवेत काढून परत आली. मग पहिला गोळा, बायनाबाई. दुसरा, पंडित. तिसरा, पंचफुला. तीन गोळे, दोन रेघा. मुंडी थांबली. कागद सरकला.

पंडितनं सवयीनं कागद फाडून काचेला लावला, पण खाली ठेवायला दुसरा कागद नव्हता. तो उन्हात त्या तीन गोळ्यांकडं बघत राहिला. छान आले होते. नीटनेटके, सुटसुटीत. शीळ कुठं थांबली होती ते त्याला सापडेना, म्हणून तो नव्यानं घालू लागला.

फाइलीत, पहिली कोरी धरून, पाचवी ओळ अजून होती. ती वाचायला प्रोग्राममध्ये घर नव्हतं.

किशनरावांनी फ्लॉपी खिशात टाकली. "जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं, साहेब."

घराच्या कोपऱ्यावर वळताना पंडितनं सायकलची घंटी दोनदा वाजवली. समोर रस्ता रिकामा होता. कशाला वाजवली कोण जाणे. फाटक त्यानं स्वतःच उघडलं, सायकल आत घेतली, आणि पेरूखालच्या दोरीवर एक लहान लाल झगा वाळत घातलेला दिसला. शेजारच्यांचा उडून आला असणार. झगा उन्हानं कडक झाला होता. त्यानं तो काढून नीट घडी घातला आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, वर एक दगड ठेवला, म्हणजे ज्यांचा असेल ते नेतील.

जेवायला पंचफुलेनं चार ताटं काढली. चौथं हातात धरून ती जराशी उभी राहिली, पदरानं पुसलं, आणि परत मांडणीवर ठेवलं. बायनाबाई भिंतीला टेकून म्हणाली, "आज घर कसं निवांत वाटायलंय."

"हाय की निवांत," पंचफुला म्हणाली. "आपण तिघंच तर हाव."

भाकर गरम होती, लसणाची चटणी नुकती कुटलेली. पंडित पोटभर जेवला.

८

सोमवारी दगडाबाई नेहमीपेक्षा लवकर आली. पाळीचे तास तिनं विचारले नाहीत. खुर्चीही घेतली नाही. टेबलाशी उभी राहून तिनं दोन पुड्या काढल्या.

"ही तुमची. अन् ही लेकीची."

पंडित हसला. "मावशी, दुसऱ्या कुणाची तरी आमच्या नावावर घालायलात. आम्हाला कुठं आहे लेकरू? चौदा-पंधरा वर्षं झाली लग्नाला. आता नाही वाईट वाटत. आमचं तिघांचं चांगलं चाललंय."

दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिचा हात पुडीवरच होता.

"काल पुना तेच सपान पडलं, भाऊ," ती म्हणाली. "तीच जागा. पाण्याचा आवाज. पर मी आता तिथं बसून नव्हते, वरून गेल्यावानी गेले. माझ्या जागंवर एक पोर बसली व्हती. इवलीशी. लाल झगा व्हता अंगात. मी म्हणलं, बाई, कुणाची गं तू, हिथं काय करायलीस. तर म्हणली, घंटी वाजायची वाट बघायलेय."

बाहेर चंद्रभान कुणाशी तरी बोलत होता. प्रिंटर चालू होता, नव्या तक्त्याआधीचा नमुना काढत होता. मुंडी कागदाबाहेर गेली, थांबली, परत आली.

"मी तिला शेंगा दिल्या. घेतल्या न्हाईत तिनं. म्हणली, माझ्या बाबाला द्या, तेला लय आवडतेत, वाटंतच खातो."

"स्वप्नं काय कसलीही पडतात, मावशी," पंडित मायेनं म्हणाला. "उन्हातून आलात. पाणी घ्या."

तिनं पाणी घेतलं नाही. दोन्ही पुड्या तिथंच ठेवून ती पदर डोक्यावर ओढत निघून गेली, आणि दारातून बाहेर पडताना एकदाही मागं वळली नाही.

पंडितनं दोन्ही पुड्यांच्या गाठी सोडल्या. शेंगा अजून ऊन होत्या. पुढ्यात पेडगावचा तक्ता होता, मागं प्रिंटरची करकर होती, खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, आणि त्याला अगदी बरं वाटत होतं. दुपारपर्यंत त्यानं एकेक करून सगळ्या शेंगा खाऊन टाकल्या.